ख्रिसमस कॅक्टस
निवडुंग कुलातील (कॅक्टेसी), थंडीत घरात फुलणारी कुंडीतील वनस्पती. श्लुम्बर्गेरा या तिच्या प्रजातीचे मूलस्थान आग्नेय ब्राझीलमधील किनारी पर्वतांची दमट जंगले हे होय. तेथे ती झाडांच्या फांद्यांवर व खडकांच्या कपारींत वाढते. त्यामुळे वाळवंटी निवडुंगाप्रमाणे तिला कडक ऊन आणि कोरडी वाळू देणे हा तिच्यावर अन्यायच आहे. तिला पालापाचोळ्याची, पाणी झटकन निथळणारी भुसभुशीत माती आणि सौम्य उजेड मानवतो. पानांसारखे दिसणारे चपटे, सांधलेले हिरवे भाग वस्तुतः खोडे आहेत. त्यांच्या टोकांना गुलाबी, लाल किंवा पांढरी फुले येतात.

बहराचे गमक अंधारात आहे. दिवस लहान होऊ लागल्यावर सुमारे सहा आठवडे रोज १२ तासांहून अधिक सलग काळोख व रात्रीचा गारवा मिळाला, की कळ्या धरतात. दिवाणखान्यात उशिरापर्यंत जळणारा दिवाही त्यात व्यत्यय आणतो, आणि घरात ती न फुलण्याचे हे नेहमीचे कारण असते. कळ्या धरल्यावर माती पार सुकली किंवा जागा अचानक बदलली, तर त्या गळतात. दक्षिण गोलार्धातील ब्राझीलमध्ये बहर मे महिन्याच्या सुमारास येतो. खोडाचे दोन-तीन सांध्यांचे तुकडे लावून नवी रोपे सहज मिळतात.