सायगॉनमधील बदकाचे नूडल्स : कोठे, केव्हा आणि कसे ओळखावे

हो ची मिन्ह सिटी हे व्हिएतनाममधील सर्वांत मोठे शहर. जुने नाव सायगॉन, आणि तेथील लोकांच्या तोंडी अजूनही तेच आहे. मुंबईहून २०२२ मध्ये थेट विमानसेवा सुरू झाल्यापासून भारतीय पर्यटकांचे तेथे जाणेयेणे पुष्कळ वाढले. यांतील बहुतेक जण 'फो' या सुप्रसिद्ध सूपची चव घेतात आणि परततात. या शहराची खरी ओळख मात्र, निदान प्रस्तुत लेखकाच्या मते, बदकाच्या वाडग्यात अधिक चांगली होते. कारण हा एकच पक्षी तेथे दोन अगदी भिन्न पाककलांच्या हाती पडतो. एक व्हिएतनामी, दुसरी चिनी. दोन्हींची दुकाने वेगळी, वेळा वेगळ्या आणि चांगले-वाईट ठरवण्याच्या कसोट्याही वेगळ्या. एका दुकानात दुसऱ्याचा पदार्थ मागितला की निराशा ठरलेली.

पहिली खूण नूडल्सची. पिवळसर, गव्हाच्या पिठाचे आणि बहुधा अंडे घातलेले नूडल्स म्हणजे 'मी'; ते चिनी परंपरेतले. तांदळाचे पांढरे, गोल, आपल्या शेवयांची आठवण करून देणारे नूडल्स म्हणजे 'बुन'. ते व्हिएतनामी घरातले. बदकाला व्हिएतनामीत 'वित' म्हणतात. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी फलकावरील निम्मी भाषा कळते.

'मी वित तिएम' हा चिनी परंपरेतील पदार्थ. 'तिएम' म्हणजे औषधी वनस्पती घालून मंद आचेवर दीर्घकाळ शिजवलेले. बदकाची तंगडी मांडीसह सोया सॉस आणि पंचमसाल्यात मुरवतात, मग कातडी गडद तांबूस होईपर्यंत तेलात तळतात. या तळण्याने कातडीखालची चरबी बरीचशी सुटते आणि बदकाचा उग्र दर्प कमी होतो. त्यानंतर तंगडी चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलदोडा, संत्र्याची सुकी साल, लाल चिनी बोरे आणि सुकवलेली शिताके अळिंबी यांच्यासह रश्श्यात मंदपणे शिजत राहते. मसाल्यांची नावे वाचून कोणाला काळ्या मसाल्याची आठवण होईल. परंतु येथे मसाला भाजत नाहीत की वाटत नाहीत, त्याचा केवळ अर्क उतरवतात. वाढताना नूडल्सवर तंगडी, बाजूला पाक चोयची हिरवी पाने आणि आंबट मुरवलेली कच्ची पपई. पपई शोभेची नव्हे. चरबीने जड झालेली जीभ प्रत्येक दोन घासांनंतर तीच स्वच्छ करते.

चांगला वाडगा ओळखणे अवघड नाही. रस्सा गडद पण पारदर्शक हवा. वर तेलाचा जाड तवंग दिसला तर स्वयंपाक्याने चरबी काढण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. औषधींचा गंध यावा, कडवटपणा येऊ नये. मांस चॉपस्टिकने सुटावे, मात्र हाडावरून आपोआप गळून पडू नये. नूडल्स गरम रश्श्यात लवकर मऊ पडतात, म्हणून जाणकार 'खो', म्हणजे कोरडे, असे सांगून रस्सा वेगळ्या वाटीत मागवतात. ही युक्ती नवख्यानेही पहिल्याच दिवशी वापरावी. पोर्क वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र आधी चौकशी करावी. चिनी दुकानांत रश्श्यासाठी बहुधा डुकराची हाडेही वापरली जातात.

हा पदार्थ शोधायचा तो चोलोनमध्ये. चोलोन या नावाचा अर्थच मोठा बाजार. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी व्यापाऱ्यांनी वसवलेले हे गाव पुढे सायगॉनला जोडले गेले. १९३१ मध्ये दोन्ही शहरे प्रशासकीयदृष्ट्या एक झाली. जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्ह्यांचा स्तरच रद्द केला असला, तरी पत्ता विचारला की लोक अजूनही 'पाचवा जिल्हा' असेच सांगतात. न्गुयेन त्राय हा येथील मुख्य रस्ता. थिएन हाऊ या सागरदेवतेचे जुने मंदिर याच रस्त्यावर आहे. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून संध्याकाळी पायी फिरावे. फलकावर 'मी या' अशी अक्षरे दिसली, तर ते नूडल्सचे घर. नावाच्या शेवटी 'की' आले, तर दुकान बहुधा जुन्या चिनी धाटणीचे. काही ठिकाणी काचेवर चिनी पुराणकथांतील योद्ध्यांची चित्रे रंगवलेली लाकडी गाडी दाराशीच उभी असते. हे दृश्य आता दुर्मीळ होत आहे.

याच दुकानांत काचेमागे आकड्याला टांगलेली तांबूस बदकेही दिसतील. ती 'वित क्वाय', म्हणजे भाजलेले बदक. कातडीवर माल्टोज आणि व्हिनेगर यांचे पाणी फिरवून पक्षी वाऱ्यावर सुकवतात आणि मग भाजतात. नूडल्सवर त्याचे तुकडे घालून मिळतात. चव उत्तम, मात्र दुपारी भाजलेले बदक रात्री नऊला खाण्यात अर्थ नाही, कातडी तोवर चामट झालेली असते.

चोलोनच्या या खाद्यपरंपरेने एक मोठा आघात सोसला आहे. १९७५ मध्ये सायगॉन पडले. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतील खासगी व्यापार सरकारने बंद केला आणि त्याचा सर्वाधिक फटका चोलोनच्या चिनी कुटुंबांना बसला. पुढच्या वर्षी चीनशी युद्ध झाले. या काळात लाखो लोकांनी देश सोडला. अनेकांनी लहान नावांतून समुद्र ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि कित्येक जण पैलतीरी पोहोचलेच नाहीत. जे पोहोचले त्यांनी पॅरिसचा तेरावा विभाग, सिडनीचे कॅब्रामाटा, कॅलिफोर्नियातील उपनगरे येथे पुन्हा चुली मांडल्या. त्यामुळे सिडनीत किंवा लॉस एंजेलिसच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना हा वाडगा सायगॉनला न जाताही मिळू शकेल. चोलोनमध्ये जे मागे राहिले त्यांना १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर पुन्हा उघडपणे धंदा करता आला. एखाद्या दुकानात आजोबा रश्श्यापाशी आणि नात गल्ल्यावर दिसली, तर मधल्या पिढीतले कोण कोठे गेले याची कथा बहुधा याच वर्षांत सापडते.

आता दुसरे स्वयंपाकघर. 'बुन मांग वित' म्हणजे तांदळाचे नूडल्स, बांबूचे कोंब आणि बदक. विदर्भात ज्यांना वास्ते म्हणतात तेच हे कोंब; ताजे किंवा सुकवलेले. त्यांतील विषारी अंश काढण्यासाठी ते उकळून पाणी टाकून द्यावे लागते. हे काम अर्धवट झाले असेल तर रश्श्याला कडू चव येते. बदक आधी आले, मीठ आणि तांदळाची दारू यांनी चोळून धुतात, मग अख्खे उकडतात. रस्सा फिका, हलका, तळलेल्या छोट्या कांद्याच्या वासाचा. मांस वाडग्यात न घालता बहुधा वेगळ्या ताटलीत येते. कोबी, कांदा, शेंगदाण्याचे कूट आणि 'राउ राम' नावाचा तिखटसर पाला यांची कोशिंबीर, आणि तिच्यावर बदकाचे तुकडे. यालाच 'गोइ वित' म्हणतात. सोबत आले, लसूण, मिरची घातलेले माशाचे गोडसर पाणी. सर्व परीक्षा या वाटीची. आले वाटून ताजे घातलेले असेल तर साध्या उकडलेल्या मांसालाही तेज येते, आणि बाटलीतले पाणी नुसते ओतलेले असेल तर बाकी सारे व्यर्थ.

या दुकानांसाठी चोलोनला जाण्याची गरज नाही. ती शहरभर विखुरलेली आहेत. नदीच्या वळणात वसलेला थान दा हा भाग बदक आणि तांदळाची पेज यांसाठी प्रसिद्ध आहे. चांगली दुकाने दिवसभर उघडी नसतात. ठरावीक बदके शिजवायची, ती संपली की दार लावायचे, असा अनेकांचा शिरस्ता. म्हणून घड्याळ पाहूनच निघावे आणि पंचांगही पाहावे. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी पुष्कळ व्हिएतनामी शाकाहार पाळतात. महिन्याच्या आरंभी बदक खाणे अशुभ, ही समजूतही आहे, विशेषतः उत्तरेत. उलट पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी दक्षिणेत व मध्य भागात बदकाला मोठी मागणी असते. त्या दिवशी रांगेची तयारी ठेवूनच जावे.

शेवटी सावधगिरीचा एक शब्द. मेकाँगच्या खोऱ्यात बदकांचे कळप कापणी झालेल्या भातखाचरांतून, आपल्याकडील धनगरांच्या मेंढरांसारखे, गावोगाव हिंडवले जातात. २००३ च्या अखेरीस बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा हीच पद्धत चिंतेचा विषय ठरली. २००५ मध्ये बदके उबवण्यावर तात्पुरती बंदी आली आणि कोंबड्या-बदकांचे व्यापक लसीकरण सुरू झाले. पूर्ण शिजलेल्या बदकापासून भय नाही. मात्र कच्च्या रक्तापासून बनवलेला 'तिएत कान' हा पदार्थ कोणी आग्रहाने पुढे केला, तरी नम्रपणे नाकारावा. बुनच्या वाडग्यात दिसणारे रक्ताचे तपकिरी चौकोनी तुकडे शिजवलेले असतात, ते वेगळे. नको असतील तर मागवतानाच तसे सांगावे.