माळवदापासून पत्र्यापर्यंत

इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना तख्ताविषयी पुष्कळ सांगतो, छताविषयी काहीच सांगत नाही. कोणता सुलतान कधी गादीवर बसला हे मुले पाठ करतात. पण त्याच्या रयतेच्या डोक्यावर काय होते, ते कशाचे केलेले होते आणि वैशाखाच्या उन्हात त्याखाली माणसे कशी राहत होती, हे परीक्षेत कुणी विचारत नाही. वास्तविक माणसाच्या सुखदुःखाशी तख्तापेक्षा छताचा संबंध अधिक जवळचा. म्हणून दख्खनच्या छतांची ही थोडी उजळणी.

छताला तीन कामे असतात. पाऊस अडवायचा, ऊन अडवायचे आणि स्वतःचा भार खाली नीट उतरवायचा. पहिली दोन कामे सर्वांना दिसतात. तिसरे दिसत नाही आणि घात तिथेच होतो.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे मातीच्या सपाट छताला माळवद म्हणतात. खानदेश-विदर्भात त्यालाच धाबे म्हणतात. हिंदूचे घर असो वा मुसलमानाचे, रचना एकच. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या. त्यावर कडुलिंबाचा पाला, म्हणजे कीड लागत नाही. मग मातीचे थर धुमसून बसवायचे आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती जुन्या, मोडलेल्या वस्तीच्या टेकाडातून आणत. ती खारवट असते. पाऊस पडला की आवळून बसते आणि पाणी सहसा आत झिरपू देत नाही. छताला किंचित उतार, कडेला पन्हळ आणि मधे उजेडासाठी व धूर जाण्यासाठी साणे. मृगाच्या आधी दरवर्षी पांढरीची एखादी नवी पाटी चढवायची, भेगा बुजवायच्या. इराण, इराक, सिंध अशा कमी पावसाच्या मुलखांतही मातीची सपाट छते होती, ती काही उगीच नव्हे.

या मातीचे गुण उन्हाळ्यात कळत. जाड थर तापायला वेळ लागतो. दुपारचे ऊन वरून आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि घरातली माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर झोपायला गेलेली असतात. म्हणजे दिवसा छताखाली गारवा आणि रात्री छतावर वारा.

बादशाही इमारतींपुढचा प्रश्न निराळा होता. लाकडाची तुळई हवी तेवढी लांब मिळत नाही. मग मोठी जागा झाकायची कशी? याचे उत्तर कमान आणि घुमट. गुलबर्ग्याच्या (आजचे कलबुर्गी) किल्ल्यातील १३६७ची जामा मशीद पाहावी. तिला नेहमीचे उघडे सहन नाही. सारी मशीद छताखाली आहे. बांधणारा रफी हा इराणातल्या कझवीन शहराचा. पुढे विजापुरात मुहम्मद आदिलशाहाच्या (मृत्यू १६५६) मकबऱ्यावर, म्हणजे गोल घुमटावर, या विद्येने कळस गाठला. आतून सुमारे १२४ फूट व्यासाचा घुमट आणि खाली मधे एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनी दालनाचे वर्तुळ करतात आणि घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर आतल्या बाजूने पेलून धरतात. विटा आणि चुन्याचे हे ओझे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे, कारण ते कुठून कुठे उतरणार याचा हिशेब आधी झाला होता.

दुसरी युक्ती पोकळीची. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याचा घुमट दुहेरी आहे: बाहेरून उंच, आतून बेताचा आणि मधे रिकामी जागा. हेतू मुख्यतः रूपाचा, पण ऊन आणि दालन यांच्यामध्ये हवेचा पडदा आपोआप आला. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीत तर पाण्याचाच पडदा आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातला मोठा हौज हेच खालच्या दालनाचे छत. नहरीने आलेले पाणी डोक्यावर आणि खाली जाड खांबांमधल्या सावलीत वाटसरूंची उन्हाळ्यातली विश्रांती.

कोकणात मात्र माळवद चालत नाही. तिथे पाऊस मराठवाड्याच्या कितीतरी पट. म्हणून उतरते पाखे, त्यांवर गवत किंवा कुंभाराची नळीची कौले. १८६५मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकात एक अडकणारे मंगळुरी कौल समुद्रमार्गे साऱ्या किनाऱ्यावर, पार अरबस्तान-आफ्रिकेपर्यंत गेले. कौल हलके, फटींतून गरम हवा बाहेर जाते आणि पोटमाळा असला की ऊन तिथेच थबकते.

असो. आता दुखऱ्या भागाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि त्यांवरची माळवदे खाली आली. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले, तिनेच माणसे गाडली. दरवर्षी मायेने चढवलेली पांढरीची एकेक पाटी साचत साचत अनेक घरांवर दीड-दोन फुटांचा थर झाला होता. त्या वजनाचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता. जिथे भार चांगल्या लाकडी चौकटीवर होता, तिथे काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छत उभे राहिले. दोष एकट्या मातीचा नव्हता, हे यावरून कळावे.

पण भीतीला एवढा बारकावा समजत नाही. माळवद म्हणजे मरण, हे मनात बसले. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी गेली. इतरत्रही ऐपत असलेल्यांनी स्लॅब घातला, बाकीच्यांनी पत्रा टाकला. पन्हाळीचा लोखंडी पत्रा १८२९मध्ये लंडनमध्ये निघाला, तो गोदामांसाठी आणि गोद्यांसाठी. आज मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाखाली कारागीर आणि वस्त्यांत त्याची बायकामुले याच पत्र्याखाली दुपार काढतात. पत्रा हलका, पण ऊन अडवण्यात अगदी नालायक. उघडा स्लॅबही काही कमी नाही. दिवसभर पितो ते ऊन रात्री खोलीत ओकतो. पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्ये शिकवणाऱ्या आम्हा उर्दू शाळांच्या शिक्षकांना हे कुणी सांगायला नको. शेवटच्या तासाला मुले ढ होत नाहीत, ती उकडलेली असतात.

मग काय परत माळवदे घालायची? मुळीच नाही. किल्लारीने शिकवले ते विसरून चालणार नाही. पण ऊन अडवायला जड छतच लागते असे नाही, हे दुहेरी घुमटाने आणि कौलाखालच्या पोटमाळ्याने केव्हाच दाखवले आहे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटईचे दुसरे छत बांधावे आणि मधली हवा कडेने निघू द्यावी. पत्र्याला किंवा स्लॅबला उन्हाळ्याआधी पांढरा चुना द्यावा. पांढरा रंग बरेचसे ऊन परतवून लावतो. सोसत असेल तिथे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवावेत; मात्र इमारत तो भार घेईल का, हे जाणकाराला आधी विचारावे. अहमदाबाद महापालिकेने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे कामही त्यात आले. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. दख्खनचाच तो भाग, ऊनही तेच.

आपल्या वस्त्यांत मशिदीसाठी चंदा होतो, मदरशासाठी होतो. चुन्याच्या चार गोण्या आणि बांबूच्या चटया यांसाठीही व्हायला हरकत नाही. ज्या खोलीत एखादी आई तान्ह्या मुलाला घेऊन दुपारभर बसते, तिचे छत मोहल्ल्याने आधी करावे.