वाळूनं सोडलं, चिकणमातीनं धरलं

१८०० सालचा एप्रिल संपत आलाय. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यात, खोड कोरून केलेल्या अरुंद होडीत तुम्ही अंग चोरून बसला आहात. सोबत जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट आणि वनस्पतींच्या जुड्या सांभाळणारे एमे बाँप्लाँ. ओरिनोकोवर डासांनी फोडलेले हात अजून सुजलेले आहेत. होडी आताबापो नदीत शिरते आणि डास जवळजवळ नाहीसेच होतात. पाणी काळंभोर.

ओंजळीत घेऊन पाहा. काळेपणा गेला, कोऱ्या चहासारखा तांबूस, नितळ रंग उरला. गाळाचा कणही दिसत नाही. हुम्बोल्टना वाटतं, हा रंग वनस्पतींतून उतरलेल्या कार्बनयुक्त अर्काचा असावा. तर्क बरोबर आहे. तो अर्क पाण्यात येतो कसा, हे पाहायला काठावर उतरा.

पायाखाली कुजका पालापाचोळा आणि मुळांचं दाट जाळं. बोटांनी बाजूला सारा: खाली लख्ख पांढरी वाळू. पाऊस कोसळतो. बुरशी आणि जिवाणूंनी अर्धवट कुजवलेल्या पानांतून ह्युमिक आणि फल्विक आम्लं सुटतात, पाण्याबरोबर झिरपतात. इथे चिकणमाती असती, तर तिच्यातल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी त्यातली बरीच धरून ठेवली असती. वाळूला ती पकड नाही. पाणी वाळूतून आडवं सरकत ओढ्याला मिळतं आणि जंगलाचा कार्बन नदीचा होतो.

जिवाणू त्यावर जगतात, जिवाणूंवर सूक्ष्म प्राणी. ऊन मोठे रेणू तोडतं. बराच कार्बन श्वसनातून पुन्हा हवेत जातो. गडद पाण्यात उजेड खोलवर पोचत नाही, शेवाळ फार वाढत नाही; म्हणून जमिनीकडून येणारा हा शिधा इथे मोलाचा.

काही आठवडे पुढे चला, ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रोच्या काठी. पूर चढलाय. झाडं गळ्याइतकी बुडालीत, फांद्यांमधून पोहत मासे फळं खाताहेत. जमिनीचा अर्क नदीपर्यंत येण्याची वाट न पाहता नदीच रानात शिरली आहे.

आता थेट आजच्या, ब्राझीलमधल्या मानाउसला. पोर्तुगीज हद्दीमुळे हुम्बोल्ट इथवर पोचलेच नाहीत. काळी रिओ नेग्रो आणि मातकट सोलिमोइंस (ॲमेझॉनचा वरचा प्रवाह) काही किलोमीटर न मिसळता शेजारून वाहतात. हात आधी काळ्या पाण्यात घाला, मग मातकट पाण्यात: दुसरं गार लागतं. त्यात अँडीजची चिकणमाती आहे. दोन्ही पाणी एकत्र आलं की विरघळलेल्या अर्कातला काही भाग त्या कणांना चिकटतो. शेकडो किलोमीटर मागे रिओ नेग्रोकाठच्या अशाच वाळूनं जे सोडलं होतं, त्यातलं थोडं इथे मातीनं धरलं.

नदीचा रंग, तिचे मासे, तिचा कार्बन काठापलीकडच्या मातीत ठरतो. म्हणून रानातली ती पाल्याची गादी उखडली गेली, तर नदीला कुणी हात न लावताही ती बदलते.