सीलिंग फॅन घेताय? आधी बॉक्सवरचे आकडे वाचा

बिल वाढेल म्हणून बाबा उन्हाळ्यातही मध्यरात्री फॅन बंद करायचे. म्हणून नवा फॅन घेताना मी रंग सोडून आधी आकडे बघितले.

वॅट: साधा १२०० एमएमचा फॅन साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी फॅन ३० च्या आसपास. रोज १५ तास चालवला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. युनिट ८ रुपये धरलं तर १६० रुपये. म्हणजे दीड हजार जास्त मोजले तरी दहा महिन्यांत वसूल!

साईज: १० बाय १२ च्या खोलीला १२०० एमएम पुरतो. छोट्या खोलीला ९००, मोठ्या हॉलला १४०० किंवा दोन फॅन.

हवा: नुसत्या आरपीएमवर जाऊ नका. सीएमएम बघा, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो ते.

स्टार: १ जानेवारी २०२३ पासून बीईईचं स्टार लेबल सक्तीचं आहे. स्टार जास्त, तर तेवढ्याच विजेत हवा जास्त.

माझी चूक: जुना रेग्युलेटर तसाच ठेवला, फॅन अडखळायला लागला. बीएलडीसीला तो लागत नाही, वायरमनकडून काढून घ्या. स्पीड रिमोटवर बदलतो.

आता बाबांचा फॅन रात्रभर चालतो. फक्त रिमोट रोज शोधावा लागतो!