जपानी भाषा शिकताना: काय सोपं, काय अवघड आणि फसवणूक कुठे होते

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. परदेशी नोकरीचा विषय पूर्वी आखाती देशांवर येऊन थांबायचा. आता त्यात जपानचंही नाव येऊ लागलं आहे. मोबाइलवर "सहा महिन्यांत जपानी, लगेच नोकरी" अशा जाहिराती फिरतात आणि अब्बा पैशांची जुळवाजुळव करू लागतात. पैसे भरण्याआधी ही भाषा नेमकी कशी आहे आणि तिला किती वेळ द्यावा लागतो, हे माहीत असावं, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

थोडक्यात सांगायचं तर, जपानी वाक्य आपल्याला जवळचं आहे, लिपी मात्र लांबची आहे. बोलायला लवकर सुरुवात करता येते. वाचायला शिकण्यासाठी वर्षं द्यावी लागतात.

वाक्य मराठीसारखंच

"मी पाणी पितो" हे जपानीत "वाताशि वा मिझु ओ नोमिमास्" असं होतं. वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमास् म्हणजे पितो. क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. आपले ला, हून, चा, ची, चे जसे शब्दाच्या मागे लागतात, तसेच त्यांचे नि, कारा, नो लागतात. "पुण्याहून" म्हणजे "पुणे कारा", "माझं पुस्तक" म्हणजे "वाताशि नो होन". प्रश्न विचारायचा तर शेवटी "का" लावायचा. "जाता का?" म्हणजे "इकिमास् का?" हा "का" दोन्ही भाषांत योगायोगाने सारखा आहे, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे.

काही बाबतींत तर जपानी मराठीपेक्षा सोपी आहे. नामांना लिंग नाही. तो गेला, ती गेली, आम्ही गेलो, या सगळ्यांना एकच "इकिमाशिता". म्हणून इंग्रजीतून शब्दशः भाषांतर करत शिकू नका. मराठी किंवा उर्दू वाक्य समोर ठेवलं तर रचना पटकन कळते.

अदब आणि उर्दूची मदत

जपानीत समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापद बदलतं. मोठी माणसं बोलतात तेव्हा "ओश्शारु", स्वतःबद्दल नम्रपणे सांगायचं तेव्हा "मोउसु". दोन्हींचा अर्थ "म्हणणे" हाच. ज्या घरात उर्दू बोलली जाते तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्यांनी "फरमाना" आणि आपण "अर्ज करना", हाच तो फरक. जपानी दुकानांत आणि कार्यालयांत ही अदबीची भाषा रोज लागते, त्यामुळे ती शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नये.

उच्चार: ह्रस्व-दीर्घ सांभाळा

"बिरु" म्हणजे इमारत आणि "बीरु" म्हणजे बिअर. "ओजिसान" म्हणजे काका, "ओजीसान" म्हणजे आजोबा. "किते" म्हणजे ये, "कित्ते" म्हणजे टपाल तिकीट. रोमन अक्षरांत लिहिलं की हे फरक बरेचदा निसटतात, देवनागरीत ते स्वच्छ दिसतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वहीत देवनागरीत उच्चार लिहायला हरकत नाही. त्यानंतर मात्र जपानी अक्षरांतच लिहावं.

तीन लिप्या

हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी 46 मूळ अक्षरं आहेत. त्यांचा क्रम पाहून नवल वाटतं: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. जपानी बौद्ध भिक्षू भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीचा अभ्यास करत. त्या अभ्यासाचा प्रभाव या क्रमावर आहे असं मानलं जातं. रोज तासभर दिला तर महिना-दीड महिन्यात दोन्ही लिप्या येतात. काताकानात मुख्यतः परभाषेतून आलेले शब्द लिहितात. त्यातला "पान" म्हणजे पाव. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगीजांकडून आले.

खरा डोंगर कांजीचा. ही चीनमधून आलेली चिन्हं आहेत. सर्वसाधारण वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत 2136 चिन्हं आहेत. एकाच चिन्हाचे अनेक उच्चार असतात. सूर्य किंवा दिवस दाखवणारं चिन्ह कुठे "हि", कुठे "निचि", कुठे "जित्सु", तर कुठे "का" असं वाचलं जातं. रोज 3 नवी चिन्हं धरली तरी पूर्ण यादीला जवळपास 2 वर्षं लागतात, आणि त्यात विसरलेल्यांची उजळणी धरलेली नाही. सुटी चिन्हं घोकू नका. शब्दात आणि वाक्यात शिका, हाताने लिहा.

परीक्षा आणि व्हिसा

जेएलपीटी ही जपानीची सर्वांत माहीत असलेली परीक्षा. एन5 सर्वांत सोपी, एन1 सर्वांत अवघड. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे आणि मुंबईतही केंद्रं असतात. एन5 ला 180 पैकी 80 आणि एन4 ला 90 गुण लागतात. शिवाय ऐकण्याच्या भागात 60 पैकी किमान 19 हवेत. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे हातात प्रमाणपत्र असूनही मुलाखतीत तोंड उघडत नाही, असं होऊ शकतं. वर्ग निवडताना तिथे मुलांना बोलायला किती लावतात, हे जरूर विचारा.

"विशेष कुशल कामगार" हा व्हिसा जपानने एप्रिल 2019 मध्ये सुरू केला. त्याबाबत भारत आणि जपानमध्ये जानेवारी 2021 मध्ये करार झाला. त्याच्या पहिल्या प्रकारासाठी बहुतेक क्षेत्रांत एन4 किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी भाषेची आणखी एक परीक्षा असते. या प्रकारात साधारण 5 वर्षांपर्यंतच राहता येतं आणि बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. लग्न ठरवताना किंवा कर्ज काढताना ही गोष्ट घरात उघड बोलायला हवी.

विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला 28 तासांपर्यंतच काम करता येतं. "तिथे कमवून फी भरेल" असा हिशेब कुणी मांडला तर हा आकडा आठवा.

दुकानात लागणारे शब्द

बुतानिकु म्हणजे डुकराचं मांस, तोरिनिकु म्हणजे कोंबडीचं, साकाना म्हणजे मासा. मिरिन ही स्वयंपाकात वापरली जाणारी तांदळाची गोड दारू, झेराचिन म्हणजे जिलेटिन. "बुतानिकु वा हाइत्ते इमास् का?" म्हणजे "यात डुकराचं मांस आहे का?" हे शब्द बोलायला शिका, पण पाकिटावर छापलेले ओळखायलाही शिका. कांजी कशासाठी शिकायची, याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात किराणा घेताना मिळतं.

कुठे शिकावं, कुठे सावध राहावं

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे जपानी शिकवलं जातं. जपान फाउंडेशनचं "इरोदोरी" हे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत मिळतं. एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदी आणि उर्दूतही आहेत. पैसे भरण्याआधी महिनाभर यावर शिकून पाहा. मुलाला किंवा मुलीला गोडी आहे की नाही, ते तेवढ्यात कळतं.

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. सेवाशुल्काची मर्यादा 30 हजार रुपये अधिक जीएसटी अशी आहे. पावती न देणारा, मूळ पासपोर्ट ठेवून घेणारा किंवा "परीक्षेची गरज नाही, आम्ही बघून घेतो" म्हणणारा माणूस भेटला तर तिथून उठून यावं.

सहा महिने नीट अभ्यास केला तर एन5 शक्य आहे. रोज दोन तास देणाऱ्याने एन4 साठी वर्षभर धरावं. कार्यालयीन कामात उपयोगी पडणारी एन2 गाठायला त्यापुढे आणखी काही वर्षं लागतात. घरात बसून हिशेब करायचा तर या वर्षांचा करा, जाहिरातीतल्या महिन्यांचा नको.