नजर आणि नोंदवही

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. तालमीतले जुने वस्ताद पोराचं मनगट आणि खांदे बघून त्याचं पुढे काय होणार याचा अंदाज बांधत. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये हा पाळणा जरा मोठा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा-सोळा वर्षांची, सहा-साडेसहा फूट उंचीची मुलं शिबिराला येतात. कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली मोठी माणसं त्यांच्याकडे पाहत वहीत काहीतरी लिहीत असतात. त्या लिहिण्याला तिथे फार किंमत आहे. चांगला शेरा मिळाला तर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे घरची गरिबी असली तरी शिक्षण फुकट होतं. त्यापुढे एनबीए ही व्यावसायिक लीग आणि तिथले कोट्यवधी डॉलर. शेरा मिळाला नाही तर मुलगा गावी परततो.

ही शेरे लिहिण्याची पद्धत तशी जुनी नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एखाद्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला दूरच्या गावातला चांगला मुलगा कळायचा तो ओळखीपाळखीतून, नाहीतर वर्तमानपत्राच्या कात्रणातून. न्यूयॉर्कच्या हॉवर्ड गारफिंकल नावाच्या गृहस्थांनी त्यातून एक धंदा उभा केला. स्वतः मोठे खेळाडू नव्हते, पण सामने पाहण्याचं वेड जबरदस्त. शाळांचे सामने पाहायचे, प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहायच्या, त्याला तारे द्यायचे आणि तो अहवाल वर्गणी भरणाऱ्या प्रशिक्षकांना पोस्टाने पाठवायचा. आज हॉटेलांना आणि सिनेमांना तारे मिळतात तसे तिथे शाळकरी मुलांना मिळू लागले. पाच तारे म्हणजे देशातल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाने डोळे मिटून घ्यावा असा खेळाडू.

१९६६मध्ये गारफिंकल यांनी विल क्लाइन यांच्याबरोबर शिबिर सुरू केलं आणि त्याचं नावही 'फाइव्ह स्टार' ठेवलं. सुरुवात न्यूयॉर्क राज्यात झाली, नंतर पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेल इथे बस्तान बसलं. या शिबिराची खुबी अशी की तिथे सामने होत, पण सामन्यांआधी शिकवणी होई. मैदानाचे भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला 'स्टेशन' म्हणत. एका स्टेशनवर फक्त पास देणं, दुसऱ्यावर पायांची ठेवण, तिसऱ्यावर रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू झेलणं. ठरावीक वेळ झाली की शिट्टी, आणि मुलांची तुकडी पुढच्या स्टेशनवर. रेल्वेच्या प्रवासासारखंच म्हणा ना! याशिवाय एक तेरावं स्टेशन होतं. ते सक्तीचं नव्हतं. विश्रांतीच्या वेळेत ज्याला वाटेल त्याने यावं, एखादा प्रशिक्षक जादा शिकवील, असा त्याचा रिवाज.

माझ्या मते फाइव्ह स्टारच्या यशाचं इंगित या तेराव्या स्टेशनात होतं. सामन्यात मुलगा काय करतो हे सगळ्यांनाच दिसतं. पण उन्हात थकलेला, जेवून सुस्तावलेला मुलगा पुन्हा चेंडू घेऊन येतो का, आणि सकाळी सांगितलेली चूक दुपारी सुधारलेली असते का, हे फक्त शिकवणाऱ्याला कळतं. शिकवणारे तरी कोण? ह्यूबी ब्राउन, बॉब नाइट, रिक पिटिनो यांच्यासारखे, पुढे अमेरिकेत ज्यांचा दबदबा झाला असे प्रशिक्षक ऐन उमेदीच्या काळात तिथे उन्हाळा घालवत. मुलांना पारखता पारखता या तरुण प्रशिक्षकांचीही पारख होऊन जाई. फी न परवडणाऱ्या मुलांना भोजनगृहात वाढप्याचं काम करून राहता येत असे.

१९८०च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिस कॉलेजमधल्या फाइव्ह स्टार शिबिरात नॉर्थ कॅरोलिनातला एक सतरा वर्षांचा मुलगा आला. त्याची गोष्ट आता दंतकथा झाली आहे, आणि दंतकथेला नेहमीप्रमाणे फाटे फुटले आहेत. 'मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकलं होतं' हे वाक्य आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतही ऐकायला मिळतं. खरी हकिगत साधी आहे. १९७८मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये जॉर्डन दहावीत होता, उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. वरिष्ठ संघात त्याच्या वर्गातला लिरॉय स्मिथ घेतला गेला, कारण तो सहा फूट सात इंच होता आणि संघाला उंच मुलगा हवा होता. जॉर्डनला कनिष्ठ संघात खेळायला मिळालं. निवड करणाऱ्याला त्या दिवशी जे दिसत होतं, त्याप्रमाणे निवड बरोबरच होती. जे दिसत नव्हतं ते पुढच्या दोन-तीन वर्षांत दिसलं. मुलगा भराभर वाढला आणि अखेर सहा फूट सहा इंचांवर जाऊन थांबला.

तर या मुलाला फाइव्ह स्टारमध्ये पाठवण्याची खटपट केली ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे साहाय्यक प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांनी. त्यांना मुलगा आवडला होता, पण तो आवडला होता आपल्या भागातल्या मुलांसमोर. देशातल्या उत्तम मुलांसमोर तो टिकतो का, हे पाहायचं होतं. यात एक धोकाही होता. आपण हेरलेला हिरा चारचौघांत चमकला की इतर गिऱ्हाइकं येणारच! झालंही तसंच. शिबिरात जॉर्डनने बक्षिसांचा सपाटा लावला. गारफिंकल इतके हरखले की शालेय खेळाडूंची वार्षिक यादी छापणाऱ्या 'स्ट्रीट अँड स्मिथ' या प्रसिद्ध अंकाकडे त्यांनी त्याचं नाव घालण्यासाठी रदबदली केली. पण अंक छपाईला गेला होता. त्यामुळे त्या वर्षीच्या देशभरातल्या होतकरूंच्या यादीत पुढच्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू नाही. एक आठवडा आधी पाहणारी नजर आणि एक आठवडा उशिरा मिळालेली शाई, एवढाच काय तो फरक. त्याच शिबिरात लिरॉय स्मिथही होता, हेही सांगून टाकतो.

पुढे या साध्या चित्रात बुटांच्या कंपन्या शिरल्या. सॉनी व्हॅकारो हे 'नाइके' कंपनीसाठी काम करत. १९८४मध्ये त्यांनी 'एबीसीडी' नावाचं शिबिर सुरू केलं. पुढे ते 'आदिदास'कडे गेले, मग 'रीबॉक'कडे, आणि शिबिरही त्यांच्याबरोबर फिरत राहिलं. इथे फी नव्हती. उलट निवडक मुलांना आमंत्रण असे, बूट-कपडे मिळत. कंपनीचा हिशेब सरळ होता. आज आपले बूट घालणारा मुलगा उद्या तारा झाला तर तो आपला राहील. त्यामुळे शिकवणीपेक्षा सामन्यांना महत्त्व आलं. हळूहळू शिबिराची जत्रा झाली. १९९६मध्ये फ्लोरिडातल्या ऑबर्नडेल या छोट्या गावातून आलेला ट्रेसी मॅकग्रेडी कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. काही दिवसांत तो देशातल्या पहिल्या काही मुलांत जाऊन बसला आणि पुढच्याच वर्षी शाळेतून थेट एनबीएत गेला. त्याच्या बाबतीत नजर चुकली नाही. पण अशी उदाहरणं घडली की प्रत्येक मुलाला आणि त्याच्या भोवतीच्या प्रत्येक काकाला-मामाला वाटू लागतं की आपलंही असंच होणार.

लेनी कुकची गोष्ट इथे सांगायलाच हवी. न्यूयॉर्कच्या परिसरात वाढलेला हा मुलगा २००१च्या उन्हाळ्यात देशातल्या अव्वल शालेय खेळाडूंत गणला जात होता. न्यू जर्सीतल्या टीनेक इथे एबीसीडी शिबिर भरलं. तिथे त्याच्यासमोर उभा राहिला ओहायोमधल्या अॅक्रन गावचा सोळा वर्षांचा लेब्रॉन जेम्स. त्या सामन्यात जेम्सने २४ गुण केले, कुकने ९. आणि शेवटच्या क्षणी कुक समोर असताना जेम्सने लांबून तीन गुणांची बास्केट मारून सामना जिंकला. तो क्षण चित्रफितीत टिपला गेला आहे.

पण त्या दिवसाची नोंद वाचताना गुणांपेक्षा जन्मतारखा पाहाव्यात. कुकचा जन्म एप्रिल १९८२चा, जेम्सचा डिसेंबर १९८४चा. म्हणजे कुक एकोणीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये तो उठून दिसत होता, यात त्याची गुणवत्ता किती आणि वयाचा भाग किती, हा प्रश्न वहीवाल्यांपैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल? वाढीच्या वयात दोन-अडीच वर्षांचं अंतर म्हणजे जवळपास दोन वेगळी शरीरं. आपल्याकडे शालेय स्पर्धांत वयाच्या दाखल्यांवरून जे वाद होतात, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

२००२मध्ये कुकने एनबीएच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे वार्षिक निवडीसाठी नाव दिलं. निवडीच्या दोन्ही फेऱ्या संपल्या, त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. पुढे तो किरकोळ लीगमध्ये आणि फिलिपाइन्स, चीनमध्ये खेळला, अपघात आणि दुखापतींनी गाठलं, आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१३मध्ये त्याच्या नावाचाच एक माहितीपट आला. जेम्स २००३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. लोक म्हणतात, कुकने मेहनत केली नाही. असेलही. पण एकोणिसाव्या वर्षी त्याला 'तू सर्वोत्तम आहेस' असं सांगणारे सगळे प्रौढ होते, आणि त्यांच्यापैकी कोणाचंही पुढे काही बिघडलं नाही.

२००५मध्ये एनबीएने शाळेतून थेट येणाऱ्यांना बंदी घातली आणि किमान वय एकोणीस केलं. २००६नंतर एबीसीडी शिबिरही बंद झालं. मोठ्या कंपन्यांनाही जत्रेचा वीट आला असावा, कारण त्यानंतर नामवंत खेळाडूंच्या नावाने 'स्किल्स अॅकॅडमी', म्हणजे कौशल्याची छोटी शिबिरं निघू लागली. गंमत पाहा, चाळीस वर्षांनी गाडी पुन्हा गारफिंकलच्या स्टेशनांवर आली.

अशाच एका शिबिराची एक आठवण अॅलन स्टाइन हे प्रशिक्षक आपल्या भाषणांतून सांगत असतात. २००७मध्ये कोबी ब्रायंटच्या नावाच्या शिबिरात डेव्हिडसन या लहान कॉलेजचा एक किरकोळ अंगाचा मुलगा आला होता. तिथल्या नामांकित मुलांमध्ये त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. पण सराव सुरू होण्याआधी अर्धा तास तो कोर्टावर असे. पाय चुकीचा पडला की कोणी टोकण्याआधीच स्वतः थांबून पुन्हा तीच हालचाल करी. सराव संपल्यावर पाच फ्री थ्रो लागोपाठ कडीला न शिवता जाळीत पडल्याशिवाय तो मैदान सोडत नसे. चौथा लागून पाचवा कडीला घासला की पुन्हा एकपासून. या मुलाचं नाव स्टीफन करी. मोठ्या विद्यापीठांनी त्याला बारीक म्हणून घेतलं नव्हतं. डेव्हिडसनच्या बॉब मॅककिलॉप यांनी घेतलं, आणि त्यांनी त्याला कुठे पाहिलं होतं? लास व्हेगासमधल्या एका स्पर्धेत, त्याचा खेळ अगदी वाईट झाला त्या दिवशी. चेंडू हातातून निसटत होते, बास्केट होत नव्हत्या. पण मुलगा ना पंचांवर चिडला, ना सोबत्यांवर. बाहेर बसवलं तर तिथून टाळ्या वाजवत राहिला. मॅककिलॉप यांनी तेवढ्यावर ठरवलं. करी आणि त्याच्या संघाने पुढे काय केलं ते सर्वांना माहीत आहे.

मोजमापांचं शास्त्र आता खूप पुढे गेलं आहे. अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, जागेवरून मारलेली उडी, सगळं इंचाच्या अपूर्णांकांत नोंदलं जातं. २००७च्या अशाच चाचणीत केव्हिन डुरांटला ८४ किलोंचा बार छातीवरून एकदाही उचलता आला नव्हता. तरी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि ते शहाणपणाचं ठरलं. उलट उंचीचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही, कारण बाकी सगळं शिकवता येतं, उंची तेवढी येत नाही, असं प्रशिक्षक म्हणतात. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१०मध्ये चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या अकादमीत गेला तो याच हिशेबावर. २०१५मध्ये सात फूट दोन इंच उंचीच्या सतनामला डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला पहिलाच खेळाडू! आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी छापली. एनबीएच्या सामन्यात मात्र तो उतरू शकला नाही. जवळपास तेवढ्याच उंचीचा, कॅमेरूनमधला जोएल एम्बीड व्हॉलीबॉल खेळणारा मुलगा. २०११मध्ये याउंदे इथल्या एका शिबिराच्या पहिल्या दिवशी तो भीतीने गेलाच नव्हता म्हणतात. तिथून तो दक्षिण आफ्रिकेतल्या शिबिरासाठी निवडला गेला आणि २०२३मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोघांची उंची जवळपास सारखी. फरक कशात होता, ते फूटपट्टीवर नव्हतं.

गारफिंकल यांचा अहवाल १९८४पासून टॉम कोंचाल्स्की चालवू लागले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारे हे उंचेपुरे गृहस्थ मोटार चालवत नसत. संगणक नाही, मोबाइल नाही. बसने, आगगाडीने शाळाशाळांच्या मैदानावर जायचे, सर्वांत वरच्या पायरीवर बसून पिवळ्या कागदांच्या वहीत लिहायचे आणि घरी येऊन टाइपरायटरवर अहवाल काढायचे. मुलाचं नाव, शाळा, भावंडं, कोणत्या हाताने खेळतो, सगळं त्यांना वर्षानुवर्षं तोंडपाठ असे. ज्याचा खेळ साधारण आहे त्यालाही त्याच्या मापाचं कॉलेज मिळावं, अशी त्यांची खटपट असे. २०२०मध्ये त्यांनी अहवाल थांबवला आणि फेब्रुवारी २०२१मध्ये ते गेले. त्यांच्या अहवालात पहिल्या क्रमांकाच्या मुलासाठी जेवढ्या ओळी असत, जवळजवळ तेवढ्याच शेवटच्या मुलासाठीही असत.