जोन्स, बुकर टी.

(१२ नोव्हेंबर १९४४ –        ). सोल संगीतातील श्रेष्ठ अमेरिकन ऑर्गनवादक, संगीतरचनाकार व ध्वनिमुद्रण-निर्माता. जन्म टेनेसी राज्यातील मेंफिस येथे एका शिक्षकाच्या कुटुंबात. बालपणीच तो ओबो, सॅक्सोफोन, पियानो इ. वाद्ये शिकला. शालेय जीवनातच मेंफिसमधील ‘स्टॅक्स’ या ध्वनिमुद्रण संस्थेत वादक म्हणून त्याचा प्रवेश झाला. पुढे इंडियाना विद्यापीठातून त्याने संगीताची पदवी घेतली.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी सहज वाजविताना सिद्ध झालेल्या ‘ग्रीन अनियन्स’ (१९६२) या वाद्यरचनेने त्याला सतराव्या वर्षीच कीर्ती लाभली. ती वाजविणारा ‘बुकर टी. अँड द एम्. जीज’ हा वाद्यवृंद म्हणजे स्टॅक्सचा कायमचा साथवृंदच होय. ओटिस रेडिंग, सॅम आणि डेव्ह प्रभृतींच्या गीतांना त्याने साथ केली. स्टीव्ह क्रॉपर (गिटार), डॉनल्ड ‘डक’ डन (बास गिटार), अल् जॅक्सन (ड्रम) व जोन्स या चौघांत दोघे गोरे व दोघे कृष्णवर्णीय होते. वर्णभेद पाळणाऱ्या मेंफिसमध्ये हे सहवादन असाधारण ठरते.

१९७० च्या सुमारास स्टॅक्स सोडून जोन्स कॅलिफोर्नियात गेला. बिल विदर्सचा ‘जस्ट ॲज आय ॲम’ (१९७१) व विली नेल्सनचा ‘स्टारडस्ट’ (१९७८) हे गीतसंग्रह त्याच्या निर्मितीकौशल्याची साक्ष देतात. तथापि या काळात त्याचे स्वतंत्र ऑर्गनवादन मागे पडले.

१९८९ नंतर स्वतःच्या नावाने त्याने काढलेला पहिला संग्रह ‘पोटॅटो होल’ (२००९) हा होय. गुलामांच्या झोपड्यांत अन्न दडविण्यासाठी जमिनीत खणलेल्या खड्ड्याचे हे नाव. ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ हा रॉक वाद्यवृंद व गिटारवादक नील यंग यांची साथ असली, तरी एकही शब्द न गाता सुरावट पुढे नेण्याचे काम ऑर्गनच करतो. ‘द रोड फ्रॉम मेंफिस’ (२०११) मध्ये ‘द रूट्स’ या हिपहॉप वृंदाची साथ असून, काही गीते वगळता तोही वाद्यप्रधान आहे. दोन्ही संग्रहांना ग्रॅमी पारितोषिके लाभली. ‘साउंड द अलार्म’ (२०१३) हा गायनप्रधान संग्रह स्टॅक्सच्याच नावाने निघाला. २०१९ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

मोजके स्वर, छोटी स्वरवाक्ये व सूचक विराम ही त्याच्या हॅमंड ऑर्गनवादनाची वैशिष्ट्ये. गायकांना साथ देताना अंगी बाणलेला हा संयम उत्तरकालीन वाद्यरचनांतही कायम राहिला. एका समाजाची स्मृती शब्दांवाचून व्यक्त करण्याचे सामर्थ्य त्यांना त्यातूनच लाभले.